'डिस्कार्ड्स कॉन्स्ट क्वालिफायर' वॉर्निंग: परत परत का येते आणि कास्ट न मारता कशी घालवायची

लक्षण असं: लिनक्स अपडेट केलं, नवीन जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) आलं, कोडला कोणी हात लावलेला नाही, आणि मेक मारल्यावर जुन्या, वर्षानुवर्षं गुपचूप कंपाइल होणाऱ्या फाइलमध्ये 'इनिशियलायझेशन डिस्कार्ड्स कॉन्स्ट क्वालिफायर फ्रॉम पॉइंटर टार्गेट टाइप' अशा ओळींचा ढीग, म्हणजे पॉइंटरवरचा कॉन्स्ट, 'फक्त वाचायचं' हा शिक्का, वाटेत गळतोय अशी कंपायलरची तक्रार. मेकफाइलमध्ये कोणीतरी हौसेने -डब्ल्यूएरर (वॉर्निंगलाही एरर धरा) टाकून ठेवलेलं असेल तर बिल्डच बंद. आमच्याकडे असं झालं की पोरगं येऊन म्हणतं, "कालपावत चाली ऱ्हायनं व्हतं ना भो, आज काय व्हयनं?" आणि पाच मिनिटांनी बघावं तर त्याने प्रत्येक ओळीत (कॅर *) असा कास्ट, म्हणजे जबरदस्तीने टाइप बदलणारा कंस, मारून वॉर्निंगा गप्प केलेल्या असतात. खरं तर कास्ट मारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा असतो: या पॉइंटरमधून कोणी लिहिणार आहे का? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं सगळं आपोआप सुटतं.

कोड खाली देवनागरीतच दिलाय, टाइप करताना तुम्ही नेहमीच्या स्पेलिंगनेच कराल.

आधी कारण बघू. सगळ्यात जास्त त्रास देतो तो स्ट्रचर, म्हणजे स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर शोधून त्याचा पॉइंटर देणारा. तो आत घेतो कॉन्स्ट कॅर *, आणि परत देतो नुसता कॅर *. म्हणजे तुम्ही त्याच्या हातात 'फक्त वाचायचं, लिहायचं नाही' अशी स्ट्रिंग दिली तरी तो त्याच स्ट्रिंगच्या मधला पॉइंटर 'लिहिलं तरी चालेल' म्हणून परत करतो. कॉन्स्ट गायब, आणि कंपायलरला पत्ता नाही. हे कोणाच्या आळशीपणामुळे झालेलं नाही. स्ट्रचरसारखी फंक्शनं कॉन्स्टच्या आधीपासून वापरात होती, सी भाषेत कॉन्स्ट अधिकृतपणे आला तो १९८९ च्या अ‍ॅन्सी स्टँडर्डमध्ये. तेव्हा कमिटीपुढे दोनच वाटा होत्या. आत नुसता कॅर * घेतला तर कॉन्स्ट स्ट्रिंगमध्ये शोधताच येत नाही, आणि परत देताना कॉन्स्ट लावला तर शोधलेल्या जागी लिहिणारा सगळा जुना कोड बोंबलतो. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं ठेवता येतात म्हणून तिथे हा प्रश्न सुटला, सीमध्ये ती सोय नव्हती, म्हणून आत कॉन्स्ट आणि बाहेर बिनकॉन्स्ट अशी तडजोड झाली. स्ट्रआरचर (तेच अक्षर शेवटून शोधणारा), स्ट्रस्ट्र, स्ट्रपीबीआरके, मेमचर, बीसर्च हे सगळे याच तडजोडीतले.

आता बदललं काय? सी२३ स्टँडर्डने ही फंक्शनं 'जसा आत तसा बाहेर' अशी केली. कॉन्स्ट दिला तर कॉन्स्ट परत, नाही दिला तर नाही. जीसीसी १५, म्हणजे २०२५ मध्ये आलेलं, काही न सांगता जीएनयू२३ मोडमध्ये कंपाइल करतं, आणि जीलिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, तिच्या २.४३ पासून हेडरमध्ये या फंक्शनांवर तसे मॅक्रो बसवलेत. दोन्ही एकत्र आले की जुन्या कोडमध्ये जे भोक इतकी वर्षं झाकलेलं होतं ते उघडं पडतं. मॅक्रो आतून सी११ मधलं जेनेरिक वापरतो. गंमत अशी की टर्नरी ऑपरेटरमध्ये एका बाजूला तुमचा पॉइंटर आणि दुसऱ्या बाजूला व्हॉइड * ठेवला तर निकालाचा टाइप कॉन्स्ट व्हॉइड * येतो की नुसता व्हॉइड *, एवढ्यावरून तुमच्या पॉइंटरला कॉन्स्ट होता की नव्हता ते कळतं. मला हा भाग फार आवडतो, पण वापरण्यासाठी माहीत असायलाच पाहिजे असं नाही.

हीच भानगड आहे का ते तपासायला -एसटीडी=जीएनयू१७ देऊन बिल्ड करून बघा. वॉर्निंगा गेल्या तर हीच. पण फाइलच्या डोक्यावर _जीएनयू_सोर्स डिफाइन केलेलं असेल तर तेवढ्याने भागत नाही, कारण ते डिफाइन जीलिबसीला सी२३ च्या गोष्टीही चालू करायला सांगतं. मग लोक म्हणतात जीएनयू१७ लावूनही जात नाही, काहीतरी वेगळंच दिसतंय. वेगळं काही नसतं. एकाच ओळीपुरतं जुनं फंक्शन पाहिजे असेल तर नावाभोवती कंस टाकायचा, (स्ट्रचर)(ओळ, ',') असा, की मॅक्रो बाजूला राहतो आणि खरं फंक्शन जुन्याच टाइपने मिळतं. हे निदानापुरतं ठीक आहे, इलाज म्हणून ठेवू नका.

आता इलाज. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्या भुईकाट्यावर चढतात, काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर एकेक ओळ फेकत असतो आणि आपला सीमधला छोटा प्रोग्राम ती वाचून वजन काढतो. समजा ओळ अशी येते: एसटी,जीएस,+०१२३४०केजी. एसटी म्हणजे काटा स्थिर झाला, जीएस म्हणजे ग्रॉस, पुढे वजन. फंक्शन दोन:

इंट वजन_काढ(कॉन्स्ट कॅर *ओळ)
{
    कॅर *पी = स्ट्रआरचर(ओळ, ',');
    इफ (!पी) रिटर्न -१;
    रिटर्न अटोआय(पी + १);
}

इंट स्थिर_आहे_का(कॉन्स्ट कॅर *ओळ)
{
    कॅर *पी = स्ट्रचर(ओळ, ',');
    इफ (पी) *पी = '\०';
    रिटर्न स्ट्रकम्प(ओळ, "एसटी") == ०;
}

नवीन कंपायलर दोन्हीकडे 'कॅर *पी' च्या ओळीवर तीच वॉर्निंग देतो, शब्द न शब्द तीच. पण दोन्ही फंक्शनांचा आजार एक नाही, आणि कास्ट मारणारा इथेच फसतो.

पहिल्यात पीमधून कोणी लिहीत नाही, नुसतं वाचतात. तिथे 'कॉन्स्ट कॅर *पी' करा, विषय संपला. माझ्या बघण्यातल्या बहुतेक वॉर्निंगा अशाच, एक शब्द जोडला की गेल्या.

दुसऱ्यात मात्र खरा बग आहे आणि तो इतके दिवस लपून होता. फंक्शन वरती सांगतंय की मी ओळीला हात लावणार नाही, आणि आत गेल्यावर पहिल्या स्वल्पविरामावर शून्य लिहून ओळ तिथेच कापतंय. आता बोलावणाऱ्याने आधी स्थिर_आहे_का विचारलं आणि मग वजन_काढ बोलावलं तर ओळीत उरलंय काय? नुसतं एसटी. स्वल्पविराम सापडत नाही, वजन येतं -१. क्रम उलटा केला की सगळं बरोबर चालतं. मग माणूस सिरियल केबल बदलतो, बॉड रेट तपासतो, काटेवाल्याला फोन करतो, आणि चूक असते एका शून्याची. शिवाय टेस्ट करायला कोणी काट्याऐवजी थेट "एसटी,जीएस,+०१२३४०केजी" असं लिटरल फंक्शनला दिलं तर थेट सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम जागीच पडतो, कारण लिनक्सवर लिटरल बहुधा फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असतं.

इथे पीला कॉन्स्ट लावून बघा, '*पी =' च्या ओळीवर कंपायलर आता एरर देईल, आणि ती एरर म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, लिहिणारा आहे. मग तीन रस्ते. एक, लिहायची खरंच गरज आहे का बघा. इथे नाहीये, पी सापडला का, पी - ओळ == २ आहे का आणि मेमकम्प(ओळ, "एसटी", २) शून्य येतो का एवढं पाहिलं की झालं, ओळ कापायची काहीच गरज नाही. दोन, लिहायचंच असेल तर स्वतःची कॉपी घेऊन तिच्यात लिहा. तीन, फंक्शनचं कामच ओळ तोडणं असेल तर पॅरामीटरवरचा कॉन्स्ट काढा, म्हणजे बोलावणाऱ्याला निदान आधीच कळेल. मी पहिला रस्ता निघतोय का ते आधी बघतो, बहुतेक वेळा निघतो.

कास्टबद्दल एक स्पष्ट करतो कारण यावर वाद होतात. मूळ वस्तू कॉन्स्ट नसेल, म्हणजे साधा कॅर बफर असेल, आणि मधे कोणीतरी कॉन्स्ट पॉइंटरमधून पाठवला असेल, तर कास्ट करून लिहिणं भाषेच्या नियमात बसतं. मूळ वस्तूच कॉन्स्ट म्हणून जाहीर केलेली असेल तर लिहिणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. प्रोग्राम पडेल, किंवा पडणारही नाही, कंपायलरने जुनी किंमत आधीच कोडमध्ये भरून टाकलेली असली तर तुम्ही लिहिलेलं कुठे गेलं तेच दिसणार नाही. स्ट्रिंग लिटरल हा मधला विचित्र प्राणी आहे, सीमध्ये त्याचा टाइप बिनकॉन्स्टचाच, कॅरचा अ‍ॅरे, पण त्यात लिहिणं तरीही अनडिफाइन्ड. फंक्शनच्या आत बसून तुम्हाला यातली कुठली वस्तू हातात आलीय ते कळत नाही, आणि कास्ट मारताना तुम्ही कंपायलरला सांगता की मला कळतंय.

लिटरलवरूनच स्ट्रटॉक आठवला. स्ट्रटॉक आपली स्ट्रिंग कापत जातो, म्हणून तो आत कॅर * घेतो, कॉन्स्ट नाही. त्याला कॉन्स्ट कॅर * दिलात तर जुना कंपायलरही वॉर्निंग देतो आणि ती शंभर टक्के खरी असते, तिला कास्टने गप्प करणं म्हणजे धडधडीत क्रॅश मागून घेणं. पण कॅर *यादी = "यावल,फैजपूर,चोपडा" असं लिहून यादी स्ट्रटॉकला दिली तर एकही वॉर्निंग येत नाही, -डब्ल्यूऑल लावलं तरी नाही, आणि चालवल्यावर प्रोग्राम मरतो. कॅर यादी[] = असं अ‍ॅरे केलं की स्वतःची कॉपी मिळते आणि चालतं. 'कॉलेजात टर्बो सीमध्ये चालायचं की' हे इथे हमखास ऐकायला मिळतं. चालायचं, कारण डॉसमध्ये मेमरीला राखणदारच नव्हता, कुठेही लिहा कोणी विचारत नव्हतं.

स्ट्रिंगमधून आकडा काढणाऱ्या स्ट्रटॉलची तऱ्हा वेगळी. त्याचा पहिला पॅरामीटर कॉन्स्ट कॅर *, दुसरा कॅर **, ज्यात तो आकडा कुठे संपला ते लिहून देतो. आपण पीला शहाण्यासारखा कॉन्स्ट लावला आणि स्ट्रटॉल(पी, &पी, १०) केलं की 'इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप', आणि जीसीसी १४ पासून ही नुसती वॉर्निंग राहिली नाही, सरळ एरर आहे. इथे लोक वैतागून पीवरचा कॉन्स्ट काढतात आणि मग वरच्या सगळ्या फंक्शनांचा कॉन्स्ट एकामागून एक उतरवत जातात. नका करू. वेगळा कॅर *शेवट घ्या, &शेवट द्या, आणि नंतर पी = शेवट. एकच स्टार असेल तर बिनकॉन्स्टवरून कॉन्स्टकडे जायला कधीच अडचण नसते. आणि तिथेच आहात तर तिसरा आकडा १० च ठेवा. कोणी ० ठेवलं तर सुरुवातीच्या शून्यामुळे ०१२३४० हा आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) धरला जातो आणि १२३४० किलोची गाडी ५३४४ किलोची होते. याला कुठलीच वॉर्निंग नाही, भांडण मात्र काट्यावर होतं.

याच्या उलट, बिनकॉन्स्ट पीचा &पी कॉन्स्ट कॅर ** मागणाऱ्याला दिला तरी का चालत नाही, कॉन्स्ट वाढवतोय तर बिघडलं कुठे, हा प्रश्न एकदा तरी सगळ्यांना पडतो. कॅर ** ला कॉन्स्ट कॅर ** म्हणून खपवू दिलं असतं तर असं करता आलं असतं: कॉन्स्ट कॅर सी एक, कॅर *पी एक, कॉन्स्ट कॅर **पीपी = &पी. आता *पीपी = &सी, दोन्हीकडे कॉन्स्ट, तक्रार नाही. पण पीपी म्हणजे पीचाच पत्ता, म्हणजे बिनकॉन्स्टचा पी आता कॉन्स्ट सीकडे बघतोय, आणि *पी = 'क्ष' केलं की झालं. एकही कास्ट न मारता कॉन्स्ट वस्तूत लिहिलं गेलं. म्हणून दोन स्टार असले की कंपायलर अडतो. यादी नुसती छापणाऱ्या फंक्शनला कॉन्स्ट कॅर *कॉन्स्ट * पॅरामीटर ठेवला तर धोका राहत नाही, सी प्लस प्लस ते मान्यही करतं, सी मात्र अजून करत नाही. तिथे कास्ट मारा, बिनधास्त. कास्टला माझा सरसकट विरोध नाही.

अ‍ॅरे क्रमाने लावणाऱ्या क्यूसॉर्टमध्ये उलटं होतं, तिथे कास्ट मारल्यावर वॉर्निंग जाते आणि उत्तर चुकतं. गावांच्या नावांचा अ‍ॅरे आहे, कॉन्स्ट कॅर *गावं[], आणि तुलना करणारं फंक्शन दोन कॉन्स्ट व्हॉइड * घेतं. बरेच जण आत स्ट्रकम्प((कॉन्स्ट कॅर *)ए, (कॉन्स्ट कॅर *)बी) लिहितात. छान कंपाइल होतं, एक शब्द वॉर्निंग नाही, आणि रावेर यावलच्या पुढे की मागे याचा काही नेम राहत नाही. क्यूसॉर्ट तुम्हाला अ‍ॅरेतल्या घराचा पत्ता देतो आणि घरात स्ट्रिंग नाही, स्ट्रिंगचा पॉइंटर आहे, म्हणजे तुम्ही पत्त्यांचे बाइट अक्षरं समजून ताडून बघताय. बरोबर लिहायचं तर *(कॉन्स्ट कॅर *कॉन्स्ट *)ए. दिसायला भयंकर आहे, पण उजवीकडून डावीकडे वाचा: ए हा पॉइंटर आहे, ज्याकडे बघतो तो न बदलायचा पॉइंटर, आणि तो बघतो न बदलायच्या अक्षरांकडे. आणि अ‍ॅरेच कॉन्स्ट कॅर *कॉन्स्ट गावं[] असा जाहीर करून क्यूसॉर्टला दिला तर येणारी वॉर्निंग ऐका, क्यूसॉर्ट घरं हलवणार म्हणजे लिहिणारच.

मेमरी परत करणाऱ्या फ्रीची तक्रारही नेहमीची. स्ट्रक्टमध्ये कॉन्स्ट कॅर *नाव ठेवलं, त्यात स्ट्रडपने स्ट्रिंगची कॉपी भरली, आणि शेवटी फ्री(नाव) केलं की वॉर्निंग, कारण फ्री साधा व्हॉइड * घेतो. लिनक्स कर्नलचा केफ्री मात्र कॉन्स्ट व्हॉइड * घेतो, म्हणजे यावर जाणत्यांचंही एकमत नाही. माझं म्हणणं, ज्याच्याकडे मालकी त्याच्याकडे बिनकॉन्स्ट पॉइंटर असावा, स्ट्रक्टमध्ये कॅर *नाव ठेवा आणि बाहेर देताना कॉन्स्ट लावून द्या. गेटएन्व्ह आणि स्ट्रएरर याच्या बरोबर उलट, ते परत देतात कॅर * पण त्यात लिहायला मनाई आहे. त्यांचा निकाल नेहमी कॉन्स्ट कॅर * मध्येच घ्या, लायब्ररीने लावला नाही तर आपण लावायचा.

आता मेकफाइल. -डब्ल्यूएरर स्वतःच्या मशीनवर ठेवा, दुसऱ्याला देताना काढा, नाहीतर पुढचा कंपायलर आला की पुन्हा हेच. घाई असेल तर -डब्ल्यूनो-एरर=डिस्कार्डेड-क्वालिफायर्स लावून वॉर्निंग दिसत ठेवा पण बिल्ड चालू राहू द्या, पूर्ण बंद करू नका. वर स्ट्रटॉकला जी वॉर्निंग यायला हवी होती ती -डब्ल्यूराइट-स्ट्रिंग्ज लावल्यावर येते, लिटरलला कॉन्स्ट समजलं जातं. आणि जुन्या कास्टांनी कुठे कुठे कॉन्स्ट गिळलाय ते -डब्ल्यूकास्ट-क्वाल दाखवतो. सीमध्ये हे दोन्ही -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा मध्ये येत नाहीत, हाताने लावावे लागतात.

जुन्या कोडवर राइट-स्ट्रिंग्ज पहिल्यांदा लावलं की स्क्रीन भरून वॉर्निंगा येतील, घाबरू नका आणि वरून एकेक सोडवत बसू नका. खालची फंक्शनं आधी धरा, जी तुमचं दुसरं कुठलंच फंक्शन बोलवत नाहीत, आणि त्यांच्या पॅरामीटरला कॉन्स्ट लावत वर या. मेनपासून सुरुवात केली तर प्रत्येक कॉन्स्ट खालच्या पायरीवर नवी वॉर्निंग काढतो आणि माणूस कंटाळून सोडून देतो. आणि वॉर्निंगा मोजण्याआधी त्यातलं फंक्शनचं नाव बघा, बहुतेकदा लॉग_लिही(कॅर *मेसेज) असं एकच फंक्शन असतं, सगळ्या प्रोग्रामभर लिटरल देऊन बोलावलेलं, त्या एका पॅरामीटरला कॉन्स्ट लावला की अर्धा स्क्रीन रिकामा होतो.